दर शनिवारी एक चूक

शुक्रवारी दुपारी तीनच्या सुमारास आमच्या कंपनीत प्रत्येकाच्या स्क्रीनवर एक चौकट उघडते. 'या आठवड्यात आपण काय शिकलात?' असा प्रश्न, खाली उत्तराला जागा, आणि ती भरल्याशिवाय चौकट बंद होत नाही. हिंजवडीच्या त्या काचेच्या इमारतीतली माणसं मग एका दमात लिहून टाकतात की त्यांना टीमवर्कचं महत्त्व कळलं. मागच्या आठवड्यातही तेच कळलेलं असतं. आमच्यातल्या एकानं तीच तीन वाक्यं वर्षभर चिकटवली आणि वर्षअखेरीस त्याला उत्कृष्ट चिंतनाचं प्रशस्तिपत्र मिळालं. मी त्याची साहेब असल्यामुळे ते मीच त्याला हसतमुखानं दिलं.

ती चौकट उघडली की मला एक गृहस्थ आठवतात. त्यांचं नाव मी इथं लिहिणार नाही. लिहिलं असतं तर त्यांनी आधी कागदाची जाडी मोजली असती आणि मग विचारलं असतं, "हे कोणाच्या उपयोगाचं आहे?"

जाडी मोजली असती हे मी अलंकारिक म्हणत नाही. त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी एक व्हर्निअर असायचा. व्हर्निअर म्हणजे जाडी-रुंदी मोजायचं स्टीलचं हत्यार. कारखान्यात सुटे भाग तपासायला वापरतात. पिंपरीकडच्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षं तपासनीस म्हणून काढली होती. बाहेरच्या देशांतून नवी यंत्रं यायला लागली तेव्हा त्या कारखान्यानं जुन्या माणसांना स्वेच्छानिवृत्ती दिली. "स्वेच्छा त्यांची, निवृत्ती माझी," असं ते त्याबद्दल सांगत. कारखाना सुटला, पण व्हर्निअर खिशातच राहिला. चहाच्या कपाचा काठ, दाराची फट, माझ्या डब्यातली भाकरी, जे हाताशी येईल ते मोजून ते आकडा पुटपुटत आणि पुढे जात. माझ्या आईची भाकरी कडेला आणि मध्ये सारख्याच जाडीची निघाली तेव्हा त्यांनी माझ्यामार्फत तिला शाबासकी पाठवली होती. आई ती पुढे आयुष्यभर सांगत राहिली.

आमची कंपनी तेव्हा कर्वे रोडच्या मागच्या गल्लीत होती. शेजारशेजारच्या दोन फ्लॅटांमधली भिंत पाडून ऑफिस केलेलं, आणि मुख्य कॉम्प्युटर स्वयंपाकघराच्या ओट्यावर. मालक अमेरिकेतून परत आलेले, पस्तिशीचे. सगळ्यांनी एकमेकांना पहिल्या नावानं हाक मारायची असा त्यांचा नियम होता. मालकांच्या बाबतीत आम्ही तो पाळायला शिकलो. या गृहस्थांच्या बाबतीत कोणाची जीभ वळेना. 'सर' म्हटलं की ते म्हणत, "सर शाळेत." मग आम्ही समोर असताना नुसतं खाकरायचो आणि पाठीमागे त्यांना इन्स्पेक्टर म्हणायचो. ते मात्र आम्हा पोराटोरांना, बावीस-तेवीस वर्षांच्या सगळ्यांना, अहो-जाहोच करत.

परदेशी गिऱ्हाइकांना गुणवत्ता विभाग दाखवायला हवा म्हणून मालकांनी त्यांना आणलं होतं. कॉम्प्युटरला त्यांनी जन्मात हात लावलेला नव्हता. पहिल्या दिवशी आमच्यातल्या एकानं जरा आगाऊपणानं विचारलं, की तुम्हाला यातलं काही येत नाही तर तुम्ही तपासणार काय. ते म्हणाले, "मला तुमचं यंत्र कळत नाही. माणूस कसा चुकतो ते कळतं. ते तिकडेही तसंच होतं." आम्ही एकमेकांकडे बघून हसलो. दोन महिन्यांत त्यांनी आमच्या प्रोग्राममध्ये इतक्या चुका काढल्या, की हसणारे सगळे लवकर यायला लागले.

आता शनिवारचं सांगते. शनिवारी अर्धा दिवस असे. पावणेबारा वाजता इन्स्पेक्टर टपालखात्याच्या पोस्टकार्डांचा गठ्ठा घेऊन यायचे आणि पत्ते वाटावेत तसं प्रत्येकापुढे एकेक कार्ड टाकायचे. त्यावर या आठवड्यातली आपली एक चूक लिहायची. दुसऱ्याची नाही, आपली. आणि पत्ता लिहायचा स्वतःच्या घरचा. मग सगळ्यांनी मिळून जिना उतरायचा आणि कोपऱ्यावरच्या लाल पेटीत कार्डं टाकायची. त्यांचंही एक असायचं.

पोस्टकार्ड उघडं. म्हणजे ते आधी पोस्टमन वाचणार, मग खालचे शेजारी, मग घरचे. पहिल्या शनिवारी याला फार विरोध झाला. चूक लिहायचीच तर वहीत लिहू, तुम्हाला दाखवू, घरी कशाला, असं आमचं म्हणणं. ते म्हणाले, "मला नका दाखवू. मला दाखवाल तर चांगली चूक निवडून लिहाल." मग त्यांनी कारखान्यातली हकिगत सांगितली. तिथं फाटकाशी एक टेबल असायचं. आठवडाभरातले नापास झालेले भाग त्यावर मांडायचे, प्रत्येकाखाली कामगाराचा नंबर. येणारा-जाणारा बघणार. ते टेबल मांडायचं काम तीस वर्षं यांच्याकडे होतं. "दुसऱ्याची चूक टेबलावर मांडायला काही लागत नाही," ते म्हणाले. "मी ते मांडून घरी जाऊन दोन घास जास्त जेवायचो. आपली घरी पाठवून बघा."

मी तेव्हा बोपोडीला राहायची. वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात स्टोअरकीपर. घरात पहिली पदवी माझी, पहिला कॉम्प्युटर मी पाहिलेला, त्यामुळे माझ्या नावानं येणारा प्रत्येक कागद वडील उभं राहून, मोठ्यानं वाचत. सोमवारी संध्याकाळी मी घरी पोचायच्या आत कार्ड आलेलं असे. मी चपला काढत असताना वडिलांचा आवाज यायचा, "या आठवड्यात मी दोन तारखांमधलं अंतर मोजताना शेवटचा दिवस धरला नाही." वाचून झालं की ते त्यावर एक अक्षर बोलत नसत. कार्ड बुद्धांच्या तसबिरीमागे खोचत आणि विचारत, "मग आता धरतेस ना?" पहिले काही सोमवार मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग सवय झाली. मग तर अशी वेळ आली, की चूक करताकरताच वडिलांचा तो वाचनाचा सूर कानात वाजायचा आणि हात थांबायचा. मला वाटतं, मला काम येतं असं जे काही लोक म्हणतात, ते त्या सुरामुळे.

एकदा वडिलांनी माझ्याकडे एक कोरं कार्ड मागितलं. कशाला ते सांगेनात. सोमवारी आमच्या घरी दोन कार्डं आली. एक माझं होतं. दुसरं वडिलांच्या अक्षरात, वडिलांच्याच नावे: "गुरुवारी कारखान्यातला राग घरी आणला आणि हिच्यावर काढला. हिची काही चूक नव्हती." ते त्यांनी मोठ्यानं वाचलं नाही, आईपुढे धरलं. आईला वाचायला वेळ लागायचा. वाचून झाल्यावर ती पदराला हात पुसत आत गेली, आणि त्या दिवशी आमच्याकडे आठवड्याच्या मधेच गोड झालं. ही गोष्ट मी इन्स्पेक्टरांना सांगितली तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि एवढंच म्हणाले, "तुमचे वडील आमच्याकडे येतात का विचारा कामाला."

मालकांना या कार्डांचा फार अभिमान होता. परदेशी पाहुणे आले की ते इंग्रजीत सांगत, की आमच्याकडे साप्ताहिक आत्मपरीक्षणाची खास पद्धत आहे. एकदा एक गोरे गृहस्थ म्हणाले, ती कार्डं बघता येतील का. मालकांनी इन्स्पेक्टरांकडे बघितलं. इन्स्पेक्टर म्हणाले, "ती ज्याच्यात्याच्या घरी असतात. यांना जेवायला बोलवायला सांगा पोरांना, मग बघता येतील." मालकांनी भाषांतर करताना यातलं बरंच गाळलं.

मंडईत मी त्यांना एकदा पाहिलं होतं. वाकडी काकडी, बारीक दोडका, एकाला एक चिकटलेले टोमॅटो असं निवडून पिशवीत भरत होते. भाजीवाली म्हणाली, "काका, चांगलं घ्या की, ठेवलंय ना." तर तिला म्हणाले, "मापात नाही म्हणून आयुष्यभर फार माल फेकलाय. आता खाऊन फेडतोय."

आता मूळ गोष्टीकडे येते. ती सांगायचं मी टाळते आहे हे माझ्या लक्षात आलंय.

शहरातल्या एका धर्मादाय रुग्णालयाचं काम आमच्याकडे आलं. कोणत्या खाटेवर कोण आहे, कोणती रिकामी आहे, हे खाली प्रवेशाच्या खिडकीवर कॉम्प्युटरवर दिसावं, असा प्रोग्राम. तो तपासायचं काम माझ्याकडे. तपासण्यासाठी खोटे पेशंट भरावे लागतात. आम्ही सगळे तेव्हा नाव म्हणून तीन अक्षरं बडवायचो आणि वय नव्याण्णव टाकायचो. इन्स्पेक्टर माझ्या मागे येऊन उभे राहिले.

"हे कोण?"

"डमी पेशंट आहे."

"काय झालंय त्याला?"

"काही नाही. डमी आहे."

"मग दवाखान्यात कशाला आलाय?"

त्यांचं म्हणणं असं, की ज्याला नाव-गाव नाही त्याच्यासाठी माणूस जीव लावून तपासत नाही. तेव्हापासून नियम झाला: खोटा पेशंट असला तरी त्याला पूर्ण नाव हवं, वय हवं, पत्ता हवा, दुखणं हवं. मी सगुणाबाई तयार केली. वय अडुसष्ट, मुक्काम खडकवासला, गावठाणात मारुतीच्या देवळामागे, मांडीचं हाड मोडलेलं, सोबत सून. बरीचशी ती माझ्या वडिलांच्या आत्यासारखी होती. आणि खरोखरच, ती आल्यावर मी नीट तपासायला लागले. सुनेला भेटीची वेळ संपल्यावर थांबता येईल का, असले प्रश्न मला पडायला लागले. इन्स्पेक्टर सकाळी येताच विचारत, "सगुणाबाई चालायला लागल्या का?" मी म्हणायची, "अजून वजन टाकू देत नाहीत." ऑफिस हसायचं. ते हसायचे नाहीत.

प्रोग्राम रुग्णालयात सुरू झाला त्या दिवशी मी तिथंच होते. सगळं जागेवर चालतंय ना हे शेवटचं बघावं म्हणून मी खऱ्या यंत्रावर सगुणाबाईला बायकांच्या वॉर्डात चौदा नंबरच्या खाटेवर दाखल केली. व्यवस्थित झाली. तेवढ्यात पेढे आले, हार आला, मालकांनी मला सगळ्यांसमोर बोलावलं आणि जाहीर केलं, की हे काम पार पडलं, आता ही मुलगी सहा महिन्यांसाठी जर्मनीला जाणार. मी पेढा खाल्ला आणि घरी गेले. सगुणाबाईला घरी सोडायचं राहून गेलं.

तीन दिवस ती चौदा नंबरवर होती. खाली स्क्रीन म्हणे, खाट भरली आहे. वरच्या सिस्टरना खाट रिकामी दिसे. त्यांना वाटे, खालून कोणी पाठवत नाही. पूर्वी खिडकीवरच्या बाई शंका आली की वर जाऊन डोळ्यांनी बघून यायच्या. आता स्क्रीनवर विश्वास ठेवा, हे आम्हीच त्यांना शिकवलं होतं. त्यांनी ठेवला, आणि आलेल्या काही बायकांना खाट नाही म्हणून परत पाठवलं. चौथ्या दिवशी राउंडवर आलेल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं. चौकशी झाली. सगुणाबाई नावाची पेशंट कोणी पाहिलेली नव्हती. रुग्णालयानं एकच अर्थ काढला: खिडकीवरच्या बाईंनी ओळखीच्या कोणासाठी तरी बोगस नावानं खाट अडवून ठेवली. पूर्वी तिथं असले प्रकार झालेले होते. बाईंना चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगण्यात आलं.

हे सगळं लिहिलेला फॅक्स गुरुवारी आमच्या मालकांकडे आला. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून तो दाखवला. त्यात सगुणाबाईचं नाव, गाव, वय, सगळं होतं. मालकांना आमच्या खोट्या पेशंटांची नावं माहीत असायचं कारण नव्हतं. त्यांनी विचारलं, "प्रोग्राममध्ये काही गडबड नाही ना?"

मी म्हटलं, "प्रोग्राम बरोबर आहे."

आणि प्रोग्राम बरोबरच होता. त्या तीन शब्दांत एकही खोटा नव्हता. माझं पारपत्र व्हिसासाठी मुंबईला गेलं होतं. वडिलांनी मोठी निळी बॅग आणून माळ्यावर ठेवली होती आणि गल्लीतल्या प्रत्येकाला बोलावून दाखवली होती. मी बाहेर येऊन जागेवर बसले. इन्स्पेक्टर समोरच्या टेबलाशी काहीतरी मोजत होते. त्या दिवशी त्यांनी सगुणाबाईंची चौकशी केली नाही. शुक्रवारीही केली नाही. मला हायसं वाटलं.

शनिवारी माझ्यापुढे कार्ड पडलं. मी लिहिलं, "चाचणीच्या यादीत दोन ओळी भरायच्या राहिल्या." बाकीच्यांबरोबर जिना उतरले आणि पेटीत टाकलं.

सोमवारी संध्याकाळी वडिलांनी ते उभं राहून वाचलं. या वेळी मात्र ते बोलले. म्हणाले, "एवढीशीच? म्हणजे आठवडा चांगला गेला तुझा." आणि आनंदानं कार्ड तसबिरीमागे खोचलं. मी जेवायला बसले. कार्ड कोणीही तपासत नव्हतं. इन्स्पेक्टर बघणार नव्हते, मालक बघणार नव्हते. मी ज्या एकाच माणसाला फसवलं तो माझ्यासमोर ताट घेऊन बसला होता आणि माझ्याबद्दल खूश होता.

मंगळवारी सकाळी मी त्यांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले. म्हटलं, सगुणाबाईला मी घरी सोडलं नाही. पुढचं मला सलग बोलता आलं नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. आश्चर्य दाखवलं नाही, रागावलेही नाहीत. म्हणाले, "मालकांना सांगा. मग आपण दवाखान्यात जाऊ. बोलायचं तुम्ही. मी बसणार."

मालकांचा चेहरा कसा झाला ते राहू दे. रुग्णालयाचे व्यवस्थापक लष्करातून निवृत्त झालेले डॉक्टर होते. त्यांनी मला बसायला सांगितलं नाही. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. परत पाठवलेल्या बायकांचं काय झालं हे मी विचारलं. सगळ्यांना दुसरीकडे जागा मिळाली होती. एकीला एक दिवस थांबावं लागलं होतं. बाहेर आल्यावर मी सुटकेचा श्वास टाकला तर इन्स्पेक्टर म्हणाले, "ते आपलं नशीब. काम नव्हे."

मग त्यांनी खिडकीवरच्या बाईंचा पत्ता विचारून घेतला आणि आम्ही दत्तवाडीला गेलो.

बाई पन्नाशीच्या होत्या. मटार सोलत बसल्या होत्या. दवाखान्यातून त्यांना फोन गेला नव्हता, त्यामुळे पहिल्यांदा त्यांनी ते माझ्याकडून ऐकलं. त्यांनी आम्हाला पाणी दिलं. चहाचं विचारलं नाही, आणि ते योग्यच होतं. हातातली शेंग त्यांनी सोलून टाकली. मग म्हणाल्या, "म्हणजे सगुणाबाई कोणी नाहीच?"

"नाही."

"मी रविवारी खडकवासल्याला गेले होते हो. स्वारगेटहून बस धरून. मारुतीच्या देवळामागे घर न् घर विचारलं. म्हटलं, म्हातारी सापडली तर तिलाच घेऊन जाईन साहेबांपुढे. एका घरी सगुणा निघाली, पण ती सात वर्षांची."

मला रडू आलं. मी माफी मागितली. कोणत्या शब्दांत ते आठवत नाही. माझ्या शेजारी इन्स्पेक्टर उठून उभे राहिले, आणि हा बोलण्यात कोणाला न ऐकणारा माणूस त्या बाईंपुढे हात जोडून वाकला. बराच वेळ वाकलेला राहिला. माझ्यासाठी या माणसानं इतकं खाली वाकावं, याचं मला इतकं वाटलं, की मी त्या दिवशी मनाशी ठरवलं, यांना पुन्हा कधी वाकायला लावायचं नाही.

बाई दुसऱ्या दिवशी कामावर गेल्या. जर्मनीला दुसरा मुलगा गेला. निळी बॅग दोन वर्षं माळ्यावर राहिली, आईनं तिच्यात गोधड्या भरल्या. त्या शनिवारी मी खरं कार्ड लिहिलं आणि सोमवारी वडिलांनी ते वाचलं. अर्ध्यावर त्यांचा आवाज खाली आला, पण त्यांनी शेवटपर्यंत वाचलं. मग नेहमीसारखं तसबिरीमागे खोचलं आणि म्हणाले, "सांगायला गेलीस ना?" मी हो म्हटलं. एवढंच.

ऑफिसात नियम बदलला. खोट्या पेशंटचं वय तीनशेच्या वर हवं आणि मुक्काम चंद्र. इन्स्पेक्टर त्यांचीही सकाळी चौकशी करत.

पुढे कंपनी मोठी झाली, विकली गेली, कार्डं बंद पडली. मी तीन नोकऱ्या बदलल्या, माणसं सांभाळायला लागले. माझ्याबद्दल म्हणतात, की ही बाई कोणाची चूक कळली तरी बोट दाखवत नाही. ते खरं आहे. मी थांबते. मला कोणी पकडलं नव्हतं. मी माझ्या पायांनी त्यांच्या टेबलाशी गेले होते, आणि त्या चार पावलांवर माझं पुढचं सगळं उभं राहिलं. ती चार पावलं समोरच्याला मिळायला हवीत असं मला वाटायचं. हे मी कित्येक ट्रेनिंगमध्ये सांगितलंय. टाळ्याही घेतल्यात.

इन्स्पेक्टर गेले तेव्हा मी बाहेरगावी होते. महिन्याभरानं, गेल्या शनिवारी, त्यांच्या घरी गेले. काकूंनी चहा केला. बोलताबोलता त्यांनी पत्र्याची एक पेटी पुढे ओढली. आत कार्डं. वर्षवार सुतळीनं बांधलेली, कारखान्यातून निघाल्यापासून शेवटच्या आजारपणापर्यंत. आमची बंद पडली तरी त्यांनी स्वतःची सोडली नव्हती. काकू म्हणाल्या, "मी सगळी वाचलीत. दर सोमवारी. निम्मी माझ्यावरून आहेत." मग म्हणाल्या, "तुमच्या वेळचं असेल एखादं, बघा."

मला तो आठवडा शोधायला वेळ लागला नाही. अक्षर बारीक, ओळी पट्टीनं आखल्यासारख्या. काकूंना चष्मा सापडेना, म्हणून मी मोठ्यानं वाचलं.

"गुरुवारी मालकांनी फॅक्स दाखवला. सगुणाबाई कोणाची ते ओळखलं. ती मुलगी आपणहून येईल म्हणून गप्प राहिलो. मंगळवारी आली. मला आनंद झाला. पण तोवर ती दुसरी बाई खडकवासल्याला जाऊन दारं ठोठावून आली होती. शिकवण्याच्या हौसेपायी मी परक्या बाईचे पाच दिवस वापरले. ही या आठवड्याची चूक, आणि मोठी."

म्हणजे दत्तवाडीत ते माझ्यासाठी वाकले नव्हते.

काकू म्हणाल्या, "तुम्हाला हवं तर न्या ते." मी नको म्हटलं. ते ज्या पत्त्यावर पाठवलं होतं तिथंच असलेलं बरं. मी सुतळी परत बांधली. त्यांच्या फोटोला नमस्कार केला. इतकी वर्षं मी त्यांची ऋणी होते, ती तशीच आहे. आता जरा जास्तच.

खाली आल्यावर गाडीत बसायच्या आधी मी ऑफिसातल्या एका मुलीला फोन लावला. तिची एक चूक मला बुधवारीच कळली होती. ती आपणहून येऊन सांगेल म्हणून मी वाट बघत होते, आणि दुसऱ्या टीममधला एक जण बुधवारपासून तिच्या चुकीची उत्तरं देत होता. तिनं फोन उचलला. शनिवारी माझा फोन बघून ती घाबरलेली होती.

"मला बुधवारपासून माहीत आहे," मी म्हटलं. "बोलायला मी उशीर केला. आधी त्या मुलाला फोन करू, दोघी मिळून."